बांधावरची चिमूटभर माती आणि एकत्र येणाऱ्या पेशी: स्लाइम मोल्ड शोधण्याची, वाढवण्याची आणि समजून घेण्याची पूर्ण कृती

आषाढ लागला की रावेर-यावलकडून मला फोटो येऊ लागतात. केळीच्या बागेबाहेर टाकलेल्या कुजक्या पानांवर, एखाद्या ओंडक्यावर, गोठ्यामागच्या भुशावर रात्रीतून हळद कालवून ओतल्यासारखा पिवळाधमक गोळा उमटलेला असतो. खाली एकच ओळ: ‘सर, हाई काय शे?’ बहुतेक वेळा तो फुलिगो सेप्टिका असतो. तो बुरशी नाही, वनस्पती नाही, प्राणीही नाही. तो स्लाइम मोल्ड. पिकाला, गुरांना त्याचा काही त्रास नाही, माणसालाही सहसा नाही, दोन-तीन दिवसांत तो वाळून तपकिरी भुकटी होतो. त्याच्यावर औषध फवारू नका, एवढं आधी सांगून ठेवतो.

हा लेख मात्र त्याच्या एका लहान नातलगाबद्दल आहे. तो साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतो आणि त्याचे फोटो मला कोणी पाठवत नाही, कारण त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. त्याचं नाव डिक्टिओस्टेलिड. झाडाखालच्या पालापाचोळ्याच्या मातीत तो एकेकट्या अमीबाच्या रूपात राहतो, बॅक्टेरिया खातो, दोनाचे चार होतो. खाणं संपलं की हजारो सुटे अमीबा एका जागी गोळा होतात, मिळून एक शरीर बनवतात आणि त्यातले काही बाकीच्यांसाठी मरतात. सुट्या पेशींपासून शरीर कसं घडलं असेल, हा उत्क्रांतीतला फार मोठा प्रश्न आहे. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या बाबतीत ती गोष्ट कोट्यवधी वर्षांपूर्वी घडून गेली. इथे सुट्या पेशींचं शरीर रोज, चोवीस तासांत, आपल्या डोळ्यांदेखत होतं. हे बघायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. चांगलं भिंग, चायना ग्रास (म्हणजेच आगर), एक जुना कुकर आणि आठ दिवसांचा धीर पुरतो.

आधी दोन घराणी वेगळी करू

‘स्लाइम मोल्ड’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळे कारभार चालतात, आणि इथे गोंधळ झाला तर पुढचं सगळं चुकतं.

फुलिगो आणि प्रयोगशाळांमध्ये प्रसिद्ध झालेला फायसारम हे पहिल्या घराण्यातले. त्यांचा तो पसरलेला पिवळा गोळा म्हणजे एकच प्रचंड पेशी असते. आत लाखो केंद्रकं, पण मध्ये भिंती नाहीत. फायसारमने चक्रव्यूहातून अन्नाकडे जाणारा जवळचा रस्ता शोधला, हे जपानी शास्त्रज्ञ तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं. २०१० साली त्याने ओटच्या दाण्यांभोवती टोकियोच्या रेल्वेमार्गांसारखं जाळं विणलेलं जगाने पाहिलं. सुंदर काम आहे, पण तिथे वेगवेगळ्या पेशी मिळून शरीर करत नाहीत.

डिक्टिओस्टेलिड दुसऱ्या घराण्यातले. यांच्यात प्रत्येक अमीबा शेवटपर्यंत स्वतंत्र पेशीच राहतो. ते एकमेकांना चिकटतात, एकमेकांत विरघळत नाहीत. घोळका आणि शरीर यांच्यामधली पायरी बघायची असेल तर हेच घराणं हवं.

माती कधी आणि कुठली घ्यायची

पहिल्या वर्षी मी एप्रिलमध्ये सुरुवात केली होती. खोलीत पारा चाळिशीपार, ताटल्यांमधलं, म्हणजे पेट्री डिशमधलं, आगर तिसऱ्या दिवशी पापडासारखं वाळून कडेने सुटलं आणि जे वाचलं ते काळ्या बुरशीने खाल्लं. पोरांचे चेहरे उतरले ते मला अजून आठवतात. या अमीबांना २० ते २५ अंश मानवतं. खान्देशात एवढं तापमान फुकटात मिळतं ते मार्गशीर्ष-पौषात. डिसेंबर आणि जानेवारी हे आपले महिने. त्यातही रात्री थंडीचा कडाका पडला तर डब्या बाहेरच्या ओसरीत न ठेवता आतल्या खोलीत ठेवा.

उन्हाळ्यात करायचंच असेल तर रुंद तोंडाच्या माठात ओली वाळू घाला, तिच्यावर पत्र्याच्या डब्यात ताटल्या ठेवा आणि माठाला बाहेरून ओलं पोतं गुंडाळा. सावलीत, वारं लागेल तिथे. आत थर्मामीटर ठेवून बघा. ओल्या उकाड्यात हा उपाय फारसा चालत नाही, कोरड्या वैशाखात चालतो.

माती उघड्या वावरातली नको. कपाशीच्या सऱ्यांमधल्या नांगरलेल्या, तापलेल्या, फवारणी झालेल्या काळ्या मातीत आमच्या हाती फार काही लागलं नाही. जुन्या झाडाखाली जा: बांधावरचा आंबा, चिंच, वड, नदीकाठची करंजाची सावली. वरची कोरडी पानं बाजूला करा. खाली अर्धवट कुजलेल्या पानांचा काळसर, ओलसर थर लागतो, ज्याला पावसाळ्याच्या मातीचा वास येतो. तो थर आणि त्याखालची एक-दोन सेंटिमीटर माती घ्या. दोन-तीन चमचे पुरे. स्वच्छ चमचा, नवी पिशवी, आणि पिशवीवर लगेच गाव, झाड, तारीख. लगेच म्हणतो त्याला कारण आहे, घरी आल्यावर सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात.

सातपुड्याच्या जंगलातली माती उत्तम असते. पण यावल अभयारण्यातून, म्हणजे पालच्या बाजूने, वन विभागाच्या परवानगीशिवाय मातीही उचलू नये. अभयारण्याबाहेर, ओळखीच्या शेतकऱ्याच्या आमराईत, विचारून घेतलेली माती आपल्या कामाला पुरते.

नमुना आणल्यावर शक्यतो त्याच आठवड्यात वापरा. तोवर पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून थंड जागी ठेवा.

गवताचं आगर

या कामासाठी जगभर जे माध्यम वापरतात ते गरिबाचं माध्यम आहे: वाळलेल्या गवताचा काढा आणि आगर. गंमत अशी की ते गरीब असण्यातच त्याचं बळ आहे. साखर, बटाटा, मैदा काहीही घालून ते ‘पौष्टिक’ करायला गेलात की बुरशी आणि बॅक्टेरिया माजतात आणि अमीबा दिसेनासे होतात. दर वर्षी एखादं हुशार पोरगं चिमूटभर साखर टाकतंच.

पाव लिटर पाण्याला दोन ग्रॅम वाळकं गवत. ऊन-पाऊस खाऊन करडं झालेलं बांधावरचं गवत घ्या, तणनाशक मारलेलं नको. ज्वारीच्या कडब्याची पानंही चालली आहेत. पाणी बोअरचं नको, आपल्याकडे त्यात क्षार फार. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं घ्या. वीस मिनिटं उकळा, मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. फिक्या चहाच्या रंगाचं पाणी मिळेल. उकळताना जेवढं पाणी आटलं तेवढं पुन्हा घाला.

त्यात चार ग्रॅम आगर. प्रयोगशाळेतली आगर पावडर असेल तर छानच, नाहीतर किराणा दुकानातलं चायना ग्रास बारीक कातरून घ्या. त्याचा घट्टपणा पाकिटागणिक बदलतो, म्हणून आधी अर्धी वाटी करून गोठतं का बघा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत करत असाल तर लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ०.६२ ग्रॅम डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट घाला, म्हणजे माध्यम किंचित आम्ल, साधारण ६ पीएचला टिकून राहतं. शाळेत हे वगळलं तरी काम होतं.

हे मिश्रण काचेच्या बाटलीत भरून, झाकण सैल ठेवून, कुकरमध्ये दाब धरल्यापासून वीस मिनिटं ठेवा. कुकर स्वयंपाकाचा नको, जुना वेगळा काढा. बाटली हाताला सोसेल इतपत निवली की पेट्री डिशमध्ये अर्धा सेंटिमीटर थर ओता. झाकण क्षणभरच, तेही तिरकं उचलायचं. पंखा बंद. ओतून झालेल्या ताटल्या एक दिवस तशाच ठेवा म्हणजे वरचं पाणी सुकतं आणि एखादी खराब झालेली असेल तर ती आधीच कळते.

पेरणी

एक भाग माती, नऊ भाग उकळून गार केलेलं पाणी. झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा, मग मिनिटभर गाळ खाली बसू द्या. वरच्या गढूळ पाण्याचा एक भाग घेऊन त्यात चार भाग पाणी मिसळा. म्हणजे मूळ माती पन्नासपट विरळ झाली. याचे दहा थेंब, साधारण अर्धा मिलिलिटर, ड्रॉपरने एका ताटलीवर टाका आणि ताटली हळू गोल फिरवून सगळीकडे पसरवा.

अमीबांना खाऊ म्हणून प्रयोगशाळेत यावर निरुपद्रवी ई. कोलाय बॅक्टेरियाचं पाणी टाकतात. ते कॉलेजात, शिक्षकांच्या देखरेखीखालीच. घरी किंवा शाळेत कुठलेही बॅक्टेरिया मुद्दाम वाढवू नका. मातीतून जे आलेत त्यांच्यावरच अमीबा जगतात, फक्त पीक थोडं विरळ येतं.

एका नमुन्याच्या निदान चार ताटल्या करा. त्यातल्या एक-दोन बुरशी नेतेच. पाणी मुरलं की कडेला टेप लावा आणि सावलीत ठेवा. डब्यांखाली पाण्याची परात आणि मध्ये उपडी वाटी, नाहीतर मुंग्यांना पत्ता लागतो.

एवढंही जमत नसेल तर एक सोपी वाट आहे. बकरीच्या ताज्या नसलेल्या, अर्धवट वाळलेल्या लेंड्या ओल्या टिपकागदावर झाकणाच्या काचेच्या डबीत ठेवा. ऑस्कर ब्रेफेल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने १८६९ साली डिक्टिओस्टेलियमचं पहिलं वर्णन लिहिलं, त्याला तो लिदीवरच सापडला होता. लेंड्यांवर बुरश्या जास्त उगवतात, ओळखायला कसरत होते, पण आठवड्याभरात बघायला काहीतरी नक्की मिळतं.

ओळख पटवणं

तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बघा, आठव्या-नवव्या दिवसापर्यंत. झाकण न उघडता. ताटलीखाली काळा कागद, खोलीत अंधार, आणि बाजूने आडवी धरलेली टॉर्च. वरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही, ही गोष्ट मला उमगायला एक हंगाम गेला.

दिसेल ते असं: आगरावर उभा एक केस, मिलिमीटर-दोन मिलिमीटर उंच, आणि त्याच्या टोकाला दवाच्या थेंबासारखा दुधी मणी. काहींचा मणी जांभळट. काही जातींत मुख्य देठावर ठरावीक अंतराने फांद्यांची कडी असतात आणि प्रत्येक फांदीला एक मणी. दहापट भिंगातून ते जत्रेतल्या पाळण्यासारखं दिसतं.

बुरशीशी गल्लत होते. म्युकरसारख्या बुरशीलाही देठावर गोळी असते. पण तिच्या बुडाशी कापसासारखं धाग्यांचं जाळं असतं आणि ती एका रात्रीत ताटलीभर पसरते. डिक्टिओस्टेलिडच्या बुडाशी काहीच नसतं, तो नुसता उभा असतो. शंका असेल तर शिक्षकांनी तापवून गार केलेल्या सुईचं टोक मण्याला अलगद लावावं. मणी थेंबासारखा सुईला चिकटून येतो आणि देठ लुकलुकत मागे राहतो. त्या एका थेंबात हजारो बीजाणू असतात.

चोवीस तास

आता मुख्य गोष्ट. कॉलेजात असाल तर तो मणी नव्या ताटलीवर, बॅक्टेरियाच्या पातळ थरावर मध्यभागी टेकवा. चार-पाच दिवसांत तिथे गोल स्वच्छ डाग पडतो आणि वाढत जातो. बाहेरच्या कडेला अमीबा खात खात पुढे सरकतात, आत खाणं संपलेलं असतं. त्यामुळे एकाच डागात कडेकडून मध्याकडे सगळ्या अवस्था ओळीने मांडलेल्या दिसतात: कडेला चरणारे अमीबा, मग ओहोळ, मग ढिगारे, आणि मध्ये देठ-मण्याची उभी झाडं. रात्रभर जागायची गरज नाही, सगळा काळ जागेवर पसरलेला असतो.

पुढचं वर्णन डिक्टिओस्टेलियम डिस्कॉयडियम या जातीचं आहे. केनेथ रेपर यांना ती १९३३ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलात सापडली आणि १९३५ साली त्यांनी तिचं वर्णन छापलं. सगळ्यात जास्त अभ्यास तिचाच झालाय. तुमच्या ताटलीतली जात बहुधा वेगळी असेल, पण ढाचा तोच.

उपास सुरू झाल्यावर पहिले पाच-सहा तास वरवर काही घडत नाही. आत मात्र अमीबा बदलत असतात. मग एखादी पेशी सायक्लिक एएमपी नावाचं रसायन बाहेर सोडते. शेजारच्या पेशीला ते लागलं की ती दोन गोष्टी करते: वास आला त्या दिशेने थोडी सरकते आणि स्वतःही तेच रसायन सोडते. तिच्याकडून पुढची, पुढचीकडून आणखी पुढची. एकदा निरोप दिल्यावर पेशी काही मिनिटं गप्प राहते, म्हणून निरोप मागे फिरत नाही, बाहेरच पसरत जातो. आणि उरलेलं रसायन खाऊन टाकणारं एक एन्झाइमही पेशी सोडतात, नाहीतर सगळीकडे सारखाच वास भरून दिशा कळली नसती. साधारण दर सहा मिनिटांनी अशी लाट येते. लाट बाहेर जाते, पेशी आत येतात.

येताना त्या एकमेकींच्या मागे लागून धारा करतात. भिंगाखाली ते दृश्य बघितलं की मला दर वेळी भिंतीवरचा तापीच्या खोऱ्याचा नकाशा आठवतो. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, सातपुड्यातून उतरणारी अनेर, बारीक धार जाड धारेला मिळते आणि सगळं एका जागी जातं. फरक इतकाच की इथलं पाणी स्वतःच्या पायांनी चालत असतं.

हे बोलावणं रसायनाचंच आहे हे जॉन टायलर बॉनर यांनी १९४७ साली किती साध्या रीतीने दाखवलं बघा. जमलेल्या घोळक्यावरून त्यांनी संथ पाणी वाहू दिलं. प्रवाहाच्या खालच्या अंगाचे अमीबा घोळक्याकडे वळले, वरच्या अंगाच्यांना पत्ताच लागला नाही. म्हणजे काहीतरी वाहून येत होतं. ते सायक्लिक एएमपी आहे हे कळायला १९६७ साल उजाडलं.

दहा-बारा तासांनी ढिगारा होतो. त्यात काही हजारांपासून लाखभरापर्यंत अमीबा असतात, प्रत्येक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. ढिगाऱ्याला टोक येतं, टोक लांबतं, आडवं पडतं आणि एक-दोन मिलिमीटरची अळी चालू लागते. तिला स्लग म्हणतात. तिला मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी ती उजेडाकडे आणि उबेकडे जाते. पुढचं टोक सगळ्यांना चालवतं. रेपर यांनी एका स्लगचं टोक कापून दुसऱ्याच्या अंगावर बसवलं, तर त्या टोकामागे पेशी लागल्या आणि नवा स्लग वेगळा झाला.

मग स्लग थांबतो. पुढच्या भागातल्या, साधारण पाचव्या हिश्श्याच्या पेशी सेल्युलोजच्या नळीत उतरतात, फुगतात, भोवती भिंत बांधतात आणि मरतात. त्यांच्या मेलेल्या, पोकळ देहांचा देठ होतो. उरलेले चार हिस्से त्या देठावर चढतात आणि बीजाणू होतात. चोवीस तासांपूर्वी या सगळ्या पेशी एकसारख्या होत्या. हे पहिल्यांदा उलगडून सांगितलं तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोललं नव्हतं.

हे सगळं आलं कुठून

आता ताटली समोर ठेवून उत्क्रांती वाचू. अमीबांच्या बहुसंख्य जाती एकट्यानेच जगतात आणि संकटात एकट्यानेच निभावतात: दुष्काळ पडला, अन्न संपलं की भोवती जाड भिंत बांधून गप्प बसायचं. त्या अवस्थेला सिस्ट म्हणतात. डिक्टिओस्टेलिडांमधल्याही बऱ्याच जातींना हे अजून जमतं. सूक्ष्मदर्शकाखाली उपाशी ताटलीत गोल, जाड भिंतीचे एकेकटे अमीबा दिसले तर ते सिस्ट असू शकतात, नोंद करा.

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या पॉलीन शाप यांच्या गटाने अनेक जातींच्या जनुकांवरून या घराण्याची वंशावळ मांडली. २००६ साली ती प्रसिद्ध झाली आणि त्यात चार मोठे गट पडले. त्यातून जे चित्र उभं राहिलं ते मला फार पटतं. बीजाणू म्हणजे नवा शोध नाही, तो जुना सिस्टच आहे, उंचावर नेऊन ठेवलेला. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी जी कामं करतं त्यांतलं एक म्हणजे ‘संकट आलंय, भिंत बांध’ हा निरोप. तोच निरोप पुढे बीजाणू होण्यासाठी वापरात राहिला. मग पेशी तो बाहेर सोडू लागल्या आणि झाड उभारताना कोणी कुठे जायचं हे त्याने ठरू लागलं. आणि सगळ्यात शेवटी, फक्त चौथ्या गटात, म्हणजे डिस्कॉयडियमच्या गटात, तोच निरोप विकासात आणखी आधी आणला गेला: दूरवरच्या पेशींना बोलावण्यासाठी. सायक्लिक एएमपी ओळखणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाकडे बघितलं तर हे कळतं. जुन्या गटांत ते विकासाच्या उत्तरार्धात चालू होतं, चौथ्या गटात त्याला लवकर चालू करणारा एक जादा खटका आला आहे.

मग बाकीच्या गटांत बोलावणं कशाने? तिथे वेगवेगळी रसायनं आहेत. डिक्टिओस्टेलियम मिन्युटम ही जात फोलिक आम्ल वापरते. आता हे लक्षात घ्या: बॅक्टेरियातून फोलिक आम्ल झिरपतं आणि चरताना अमीबा त्याच वासावरून बॅक्टेरिया शोधतात. म्हणजे ‘इकडे खाणं आहे’ हा वासच या जातीत ‘इकडे या’ ही हाक झाला. घरात असलेल्या जुन्या भांड्याचा नवा उपयोग करावा तशी ही गोष्ट आहे, आणि उत्क्रांती मुलांना समजावताना मी हेच उदाहरण घेतो. शून्यातून काही आलेलं नाही.

देठाचंही तसंच. ॲसायटोस्टेलियम नावाच्या प्रजातीत देठ नुसत्या सेल्युलोजच्या नळीचा असतो. त्यात कोणी मरत नाही, सगळ्या पेशी बीजाणू होतात. मात्र झाड फार चिमुकलं आणि नाजूक. चौथ्या गटातल्या जाती साधारण सगळ्यात मोठी, भक्कम झाडं उभी करतात, तिथे मरणाऱ्यांचा वाटा आधीच ठरवून वेगळा काढलेला असतो. आणि त्याच गटाने एकट्याने सिस्ट होण्याची जुनी सोय गमावली आहे. एकत्र राहणं इतकं नीट जमल्यावर एकटं निभावण्याची वाट बंद झाली.

डिस्कॉयडियमचा स्लग देठाशिवाय मोकळा चालतो. म्युकोरॉइडिस आणि परप्युरियम या जातींचे स्लग चालता चालताच मागे देठ टाकत जातात. तुमच्या ताटलीत आगरावर आडवा पडलेला लांब बारीक धागा आणि टोकाला उभा मणी दिसला तर हा प्रकार आहे. एवढ्याशा निरीक्षणातून तुम्ही विकासाच्या दोन वेगळ्या पद्धती ओळखलेल्या असतात.

मरायचं कोणी?

आपलं शरीर एका फलित पेशीपासून वाढलेलं असतं. सगळ्या पेशी एकाच रक्ताच्या, म्हणून कातडीच्या पेशीने मरण्यात कोणाचं नुकसान नाही. स्लाइम मोल्डचं शरीर मात्र जमून आलेल्यांचं. शेजारी परका असू शकतो. मग देठाची वेळ आली की मागे राहायचं आणि बीजाणूंत घुसायचं, ही फसवणूक चालते का? चालते. जोन स्ट्रासमन, योंग झू आणि डेव्हिड क्वेलर यांनी २०००  साली दोन वंशांचे अमीबा मिसळून दाखवलं की काही वंश बीजाणूंत आपल्या वाट्यापेक्षा जास्त जागा घेतात. २०११ साली आणखी पुढचं दिसलं: पिढ्यान्‌पिढ्या परक्यांतच मिसळत ठेवलं तर असे फसवे वाढतात, जे एकटे असताना झाडच उभारू शकत नाहीत.

तरीही व्यवस्था टिकली आहे. याचं एक कारण म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांची जोडी, जिच्यामुळे आपले आपल्याला घट्ट धरतात आणि परके बाजूला पडतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. मुदुमलाईच्या जंगलातल्या माती आणि लिदीतून मिळवलेल्या नमुन्यांत त्यांच्या गटाला एकाच झाडात वेगवेगळ्या वंशांच्या पेशी सापडल्या. म्हणजे निसर्गात हे मिश्रण खरंच होतं. सातपुड्यात किती होतं, हे आपल्या इथल्या कॉलेजांनी बघावं असं मला मनापासून वाटतं.

वेगवेगळ्या दोन गावांच्या मातीतून मिळालेल्या, दिसायला वेगळ्या जाती हाताशी असतील तर कॉलेजात त्यांचे बीजाणू एकत्र पेरा. सुरुवातीला अमीबा सरमिसळ चरतात. उपासानंतर जाती वेगळ्या होतात आणि पांढरे मणी वेगळे, जांभळे वेगळे असे उभे राहताना दिसू शकतात.

उजेडाचा प्रयोग

सोपा आहे. धारा दिसू लागल्या की ताटली काळ्या कागदात पूर्ण गुंडाळा आणि एका कडेला सुईने एकच भोक पाडा. ते भोक खिडकीकडे करून दोन दिवस हलवू नका. उघडल्यावर झाडं भोकाच्या बाजूला दाटलेली किंवा त्या बाजूला झुकलेली दिसतात. दुसरी ताटली भोक न पाडता गुंडाळून शेजारी ठेवा, तुलनेशिवाय याला अर्थ नाही.

आवरताना

झाकण उघडायचं काम मोठ्यांचं. दमा असलेल्या किंवा औषधोपचाराने प्रतिकारशक्ती कमी झालेल्या कोणालाही बुरशी धरलेल्या ताटलीजवळ बसवू नका. काम झाल्यावर ताटल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर बुडवा किंवा त्याच जुन्या कुकरमध्ये वीस मिनिटं ठेवा, मगच फेका. हात साबणाने धुवा, माती काढतानाही आणि नंतरही.

वहीत रोज एक ओळ लिहा: ताटलीचा क्रमांक, खोलीचं तापमान, काय दिसलं, किती मणी. जमेल तसं चित्र काढा. फोनवर भिंग धरून फोटो येतात, फोल्डस्कोप (कागदी सूक्ष्मदर्शक) असेल तर आणखी चांगले, पण हाताने काढलेल्या चित्रात नजर जास्त वेळ थांबते. मूळ मातीतली थोडी कागदी पाकिटात सावलीत वाळवून, नाव-तारीख लिहून ठेवा. बीजाणू कोरड्यात बराच काळ तग धरतात. पुढच्या मार्गशीर्षात तीच माती पुन्हा पेरता येते.